बँकॉकचे तलात: पहिल्यांदा बाजारात जाणाऱ्या मराठी माणसासाठी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बँकॉकला दीड वर्ष राहिलो. त्या काळात आमच्याकडे सासूबाई, मावशी, नवऱ्याचे मित्र, त्यांची पोरं असे खूप पाहुणे येऊन गेले आणि प्रत्येकाला मी बाजारात घेऊन गेले. थाई भाषेत बाजाराला तलात म्हणतात. बहुतेक लोक एखादा फ्लोटिंग मार्केटचा, म्हणजे पाण्यावर होड्यांमध्ये भरणाऱ्या बाजाराचा, फोटो बघून येतात, टूरवाल्याबरोबर जातात, गर्दीत तासभर फिरतात आणि हॉटेलवर परत येऊन घरून आणलेले ठेपले खातात, याचं मला फार वाईट वाटायचं कारण तिथं खाण्यासारखं इतकं आहे, शाकाहारी माणसालाही आहे, फक्त कुठं जायचं, कधी जायचं आणि काय बोलायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. ते सगळं इथं लिहिते.

माझा एकच आग्रह आहे. बाजारात काहीतरी विकत घ्यायला जा, मग ते अर्धा किलो पेरू का असेना. नुसता मोबाइल वर धरून फिरणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण हातात पिशवी असलेल्या माणसाला तिथल्या मावश्या स्वतःहून फोड कापून चाखायला देतात.

१. निघण्याआधी काय काय लागेल

- पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग. व्हिसाचे नियम मधेमधे बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर ताजं काय ते बघा.
- थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून हे बंधनकारक आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते पूर्ण फुकट आहे. सर्च केलं की पैसे मागणाऱ्या साइट वर येतात, त्या सरकारी नाहीत, तिथं एक रुपया भरू नका.
- रोख बाहत, म्हणजे थाई चलन, आणि त्यातही २०, ५० आणि १०० च्या नोटा.
- दोन कापडी पिशव्या, एक छोटा डबा, चमचा, ओले टिश्यू, पाण्याची बाटली.
- मागून बंद असलेले, न घसरणारे बूट किंवा सँडल.
- ओआरएसची दोन-तीन पाकिटं. मार्च ते मे तिथं भयंकर उकाडा असतो आणि पत्र्याखालच्या बाजारात तो दुप्पट वाटतो.
- मोबाइलमध्ये कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं ॲप. पाट्या वाचायला त्याच्याशिवाय पर्याय नाही.

२. पैशांचं आधी उरका

एक बाहत म्हणजे अंदाजे अडीच ते तीन रुपये धरून चाला. ठेल्यांवर क्यूआर कोड सगळीकडे दिसतील आणि आपल्याला वाटतं की चला, झालं काम, पण ते तिथल्या बँकखात्यांसाठी असतात, आमच्या पाहुण्यांपैकी कोणाचंच यूपीआय तिथं चाललं नाही. एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले की दर वेळी दोनशेच्या वर बाहत चार्ज बसतो, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका, एकदाच काढा.

एटीएममधून हजाराच्या नोटा येतात आणि सकाळी सहा वाजता तीस बाहतचं काही घेऊन हजाराची नोट पुढे केली तर समोरची बाई खरंच अडचणीत येते. आदल्या दिवशीच कुठल्यातरी सुपरमार्केटमध्ये पाणी-बिस्किटं घेऊन नोटा मोडून ठेवा. नोटांचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत, हिरवी वीसची, निळी पन्नासची, लाल शंभरची, जांभळी पाचशेची.

मेट्रोत, म्हणजे एमआरटीत, टॅप करायचं कार्ड चालतं पण आपल्या बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप दोन्ही चालू करून ठेवायला लागतं.

३. कुठला बाजार, कुठल्या वेळी

इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. प्रत्येक बाजाराचा वार आणि वेळ वेगळी आहे.

ऑर तोर कोर. पहिला बाजार हाच करा. शेतकऱ्यांच्या मालासाठीच्या सरकारी संस्थेचा हा बाजार आहे, त्या संस्थेच्या थाई नावाची आद्याक्षरं म्हणजेच ऑर तोर कोर. एमआरटीच्या काम्फेंग फेत स्टेशनवर उतरायचं, तीन नंबरच्या गेटमधून वर आलं की समोरच. स्वच्छ, उजेड असलेला, फळं रचून ठेवलेली अशी की हात लावायला जीव होत नाही. भाव इतर बाजारांपेक्षा जास्त आहेत हे खरं, पण पाट्या असतात, फसवाफसवी नाही, आणि सासूबाईंसारख्या माणसांना मासळीच्या वासाचा त्रास न होता फिरता येतं. शनिवार-रविवारी गेलात तर पलीकडेच चातुचाक वीकेंड मार्केट आहे, दोन्ही एका दिवसात होतात. आधी ऑर तोर कोर सकाळी नऊच्या आत, मग चातुचाक.

ख्लोंग तोई. शहराचं खरं स्वयंपाकघर. हॉटेलवाले, ठेलेवाले इथून माल नेतात. पहाटेच सगळी धांदल असते, जमीन ओली, हातगाड्या सुसाट, आणि मांस-मासे-बेडूक सगळं उघड्यावर. ज्यांना ते बघवत नाही त्यांनी खरंच जाऊ नका, तिथं जाऊन नाक मुरडणं त्या लोकांना चांगलं वाटत नाही. पण ज्यांना भाज्या बघायच्यात, गवती चहाच्या मोळ्या, आल्यासारखं दिसणारं गलांगल, मकरूत लिंबाची पानं, मटाराएवढी वांगी, त्यांच्यासाठी यासारखा बाजार नाही.

पाक ख्लोंग तलात. फुलांचा बाजार, एमआरटीचं सनाम चाय स्टेशन. खाण्याचा बाजार नाही पण तरी सांगते, कारण रात्री उशिरा किंवा पहाटे तिथं झेंडूच्या पोत्यांचे ढीग आणि मोगऱ्याच्या कळ्यांचे हार बघितले की दादरच्या फूलबाजारात आल्यासारखं होतं. मावशी तिथंच खाली बसून एका आजीबरोबर अर्धा तास कळ्या ओवत होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. इथून चालत फाहुरातला जाता येतं, तिथली भारतीय वस्ती जुनी आहे, गुरुद्वारा आहे, मसाले आणि चहा मिळतो.

याओवारात. चायनाटाउन. संध्याकाळी सहानंतर रस्ता ठेल्यांनी गजबजतो. सोमवारी बरेच ठेले बंद असतात, त्यामुळे तो वार टाळा.

मे क्लोंग. रेल्वे रुळांवर भरणारा तो प्रसिद्ध बाजार, बँकॉकपासून ७०-८० किलोमीटरवर समुत सोंगख्राम प्रांतात. गाडी दिवसातून चार वेळा येते आणि चार वेळा जाते, शिट्टी ऐकू आली की सगळे ताडपत्र्या मागे ओढतात, टोपल्या आत घेतात आणि गाडी भाज्यांच्या अगदी अंगावरून सरकते. सकाळी साडेआठच्या सुमाराच्या गाडीला सगळ्या टूर बस येऊन पडतात. शनिवार-रविवार असेल तर दुपारी अडीचच्या सुमाराची गाडी बघा आणि तिथून शेअर गाडीने दहा-पंधरा मिनिटांवरच्या आम्फावा तरंगत्या बाजारात जा. तो शुक्रवार ते रविवार दुपारनंतर भरतो, गिऱ्हाईक मुख्यतः थाईच असतं, होडीतल्या चुलीवर मासे भाजून काठावर देतात आणि अंधार पडल्यावर काजवे बघायला होड्या सुटतात. गाड्यांच्या वेळा मात्र निघायच्या आदल्या दिवशी तपासा.

कोकणातल्या लोकांसाठी खास सांगते, मे क्लोंगला बांबूच्या छोट्या गोल टोपल्यांमध्ये माना वाकवून बसवलेले वाफवलेले मासे दिसतील, ते पला थू. आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा आहे, टोपलीत मावावा म्हणून मान मोडतात. तळलेला घ्या आणि भाताबरोबर खा.

दाम्नोएन सादुआक. पोस्टरवरचा फ्लोटिंग मार्केट हाच. कालवा १८६० च्या दशकात खणलेला आहे आणि पहाटे गेलात तर सुंदर आहे, पण नऊनंतर होड्यांचा ट्रॅफिक जॅम होतो. आम्ही पहिल्या वेळी टॅक्सीने गेलो आणि टॅक्सीवाल्याने बाजाराच्या बऱ्याच अलीकडे एका खासगी धक्क्यावर उतरवलं, तिथं होडीचे माणशी हजाराच्या वर बाहत सांगितले, इथून पुढे रस्ताच नाही म्हणाले. रस्ता होता. बाजारापर्यंत गाडी जाते, काठाकाठाने चालत सगळं फुकट बघता येतं आणि होडी हवीच असेल तर आत जाऊन भाव ठरवा.

४. सात-आठ शब्द पाठ करा

बाईने प्रत्येक वाक्याला शेवटी "खा" लावायचं, पुरुषाने "ख्रप". एवढ्याने समोरच्याचा चेहरा बदलतो.

- सवादी खा / ख्रप: नमस्कार
- थाव राय: केवढ्याला
- खोप खुन: धन्यवाद
- माय फेत: तिखट नको
- किन जे: मी पूर्ण शाकाहारी खाते
- माय साय नाम प्ला: फिश सॉस घालू नका
- माय साय खाय: अंडं घालू नका
- आरोय: छान लागतंय

"माय फेत" आपल्याला लागणार नाही असं प्रत्येक कोल्हापूरकर पाहुण्याला वाटायचं. तिथली छोटी मिरची वेगळी आहे, पहिल्या दिवशी तरी सांगाच.

५. शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

"व्हेजिटेरियन" म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, फिश सॉस राहतो. करी पेस्टमध्येसुद्धा कापी नावाची वाटलेल्या कोळंबीची पेस्ट असते, हिरवी करी बघायला भाज्यांची असली तरी. पपईच्या सॅलडमध्ये, म्हणजे सोम तममध्ये, सुकी कोळंबी पडते. पालेभाजी ऑयस्टर सॉसमध्ये, म्हणजे कालवांच्या सॉसमध्ये, परततात. त्यामुळे शब्द वापरायचा तो जे.

जे म्हणजे चिनी-थाई बौद्ध परंपरेतलं खाणं, त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच पण कांदा-लसूणही नाही. आपल्या जैन मित्रांना हे सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही. खूण सोपी आहे, पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर, लांबून इंग्रजी आकड्यातल्या 17 सारखं दिसतं. ती पाटी दिसली की बिनधास्त बसा. मांसासारखे दिसणारे तुकडे असतील, ते सोयाचे किंवा गव्हाच्या ग्लुटेनचे असतात, घाबरू नका. वर्षातून एकदा नऊ दिवसांचा जे उत्सव असतो, बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो, २०२३ आणि २०२४ मध्ये तर अगदी त्याच दिवसांत होता, तेव्हा याओवारात पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं. शाकाहारी माणसाने जायचं असेल तर तेव्हाच जावं असं माझं मत आहे.

जे पाटी नसलेल्या ठिकाणीसुद्धा चालणाऱ्या गोष्टी:

खनोम क्रोक: आपलं आप्पेपात्रच! तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, वर कधी मका कधी कांद्याची पात, बाहेरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत. गरम असताना खा, पण आत फार गरम असतं, जीभ सांभाळा.

खनोम तोम: चिकट तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे, आत खोबरं आणि ताडगुळाचं सारण, वर खोबऱ्याचा कीस. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, अगं हा तर मोदक. त्यानंतर त्या मला रोज बाजारात चल म्हणायच्या.

भाजलेली केळी, चिकट भात आणि आंबा, बांबूत भाजलेला गोड भात: यातले भात नारळाच्या दुधातले असतात, साध्या गाईच्या दुधाचे नाहीत.

फसायच्या जागाही आहेत. सोनेरी शेवयांसारखं दिसणारं फोई थोंग आणि त्याच्या शेजारचे पिवळेधमक गोळे अंड्याच्या बलकाचे असतात, सतराव्या शतकात आयुथाया या तिथल्या जुन्या राजधानीत पोर्तुगीज वळणाने आलेली मिठाई आहे ती. आणि कापलेल्या कैरीबरोबर जी तपकिरी गोड चटणी देतात त्यात फिश सॉस आणि सुकी कोळंबी असते. तिच्याऐवजी मीठ-साखर-मिरचीची पुडी मागा, त्याला फ्रिक क्लुआ म्हणतात, पेरूबरोबर तर अप्रतिम. टेबलावरच्या चार बरण्यांपैकी ज्या पातळ पाण्यात मिरच्या तरंगतात ती एकतर फिश सॉसची असते नाहीतर व्हिनेगरची, वास घेतल्याशिवाय घालू नका.

६. फळं घेताना

पहिली गोष्ट, पाटीवरचा भाव नेहमी किलोचा नसतो. थाई लोकांचं खीत म्हणून एक माप आहे, एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. सुकी फळं, काजू, मसाले, सुकी मासळी यांच्या पाट्यांवर हेच माप असतं. नवऱ्याच्या मित्राने ४५ बाहत किलो समजून दीड किलो सुकं डुरियन, म्हणजे फणसासारखं काटेरी फळ, भरायला सांगितलं आणि बिल दहापट झालं, बाईची काहीच चूक नव्हती. कॅमेऱ्याने पाटी वाचा किंवा कॅल्क्युलेटर पुढे करून आकडा टाइप करायला सांगा.

डुरियन अख्खं घेतलं तर काट्याच्या सालीसकट वजन होतं. पहिल्यांदा खाताय तर सोललेल्या गराचा लहान पॅक घ्या आणि तिथंच खा. मेट्रोत नेता येत नाही, हॉटेलात दंडाच्या पाट्या असतात. फणसाचा वास आवडणाऱ्यांना ते आवडतं असा माझा अनुभव आहे, पण मावशीला नाही आवडलं.

मँगोस्टीन मात्र सोडू नका, साधारण मे ते ऑगस्ट मोसम असतो. हे आपल्या कोकमाचं भावंड आहे, एकाच कुळातलं. तळाशी फुलासारखी खूण असते, तिच्या जितक्या पाकळ्या तितक्या आत पाकळ्या, मुलांना हे मोजायला फार आवडतं. साल दाबून नरम लागली पाहिजे, दगडासारखी कडक झाली तर ते फळ जुनं. सालीच्या रसाचे डाग जात नाहीत, पांढरे कपडे घालून जाऊ नका.

मँगोस्टीन सोडलं तर बाकी फळं हाताने दाबून बघू नका, विशेषतः आंबे. कधी खाणार ते बोटांनी दाखवा, आज की उद्या, विकणाऱ्या मावश्या बरोबर निवडून देतात.

७. वागायचं कसं

शिजवलेल्या खाण्याचा भाव करू नका, ३०-४० बाहतच्या प्लेटला घासाघीस शोभत नाही. कपडे, पिशव्या, सुकामेवा यांचा भाव हसत करा आणि नाही म्हणाले तर सोडून द्या, आवाज चढवला की तिथं सौदा संपतोच.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला बऱ्याच बाजारांमध्ये लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत लागतं. सगळा बाजार जागच्या जागी उभा राहतो, तुम्हीही थांबा, फोन खाली करा.

पहाटेच्या बाजारात अनवाणी भिक्खू पात्र घेऊन येतात. लोक गुडघ्यावर बसून भिक्षा घालतात. बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं आणि तोंडासमोर कॅमेरा धरायचा नाही. तुम्हालाही घालायची असेल तर शेजारीच तयार पुड्या विकायला असतात, पात्रात अलगद सोडायची.

माणसाचा फोटो हवा असेल तर आधी काहीतरी घ्या, मग फोन दाखवून विचारा.

८. पोट सांभाळा

जिथं रांग आहे आणि समोर कढईत पडतंय तिथं खा. सकाळपासून मांडून ठेवलेल्या ट्रेमधलं दुपारी दोननंतर टाळा. बर्फाला सगळे घाबरतात, पण मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो आम्ही दीड वर्ष खाल्ला. लादी फोडून केलेला चुरा नको. शहाळं डोळ्यासमोर फोडून घ्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर थाईत लिहिलेली चिठ्ठीच बरोबर ठेवा, शेंगदाणे खूप ठिकाणी असतात आणि घाईत बोललेलं नीट पोचत नाही.

आणि एका फेरीत सगळं खायला जाऊ नका. दोघांत एक प्लेट घ्या, चाला, पुन्हा एक घ्या.

९. घरी काय आणायचं

ताजी फळं, रोपं, बिया, मांस-मासे आणू नका, भारतात उतरल्यावर क्वारंटाइनच्या नियमात अडकतं. सुका आंबा, बंद पाकिटातली केळ्याची वडी, चिंचेच्या गोळ्या, ताडगूळ, गवती चहाची पावडर हे आणा. करी पेस्ट आणायची तर चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये ती जेल धरतात आणि १०० मिलिलिटरच्या वरचं काढून घेतात. शाकाहारी घरासाठी घेत असाल तर पाकिटावर तीच पिवळी-लाल जे खूण शोधा, ती नसेल तर त्यात कापी आहेच असं धरा. पेस्टला दोन पिशव्या आणि वर रबर लावा, आमच्या एका बॅगेतल्या सगळ्या साड्यांना महिनाभर गलांगलचा वास येत होता. फळं उरलीच तर चेक-इनच्या आधी विमानतळावरच बसून संपवा, सासूबाईंनी शेवटचे अर्धा किलो रांबुतान, म्हणजे लिचीसारखी केसाळ फळं, तिथंच शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईबरोबर वाटून खाल्ले.